डोकं कशावर चालतं?

चाकण-महाळुंग्याकडच्या कंपन्यांत थर्ड शिफ्ट करणाऱ्या कुणालाही विचारा, रात्रीचा सगळ्यात अवघड वेळ कोणता? उत्तर बहुधा एकच येतं: तीन ते पाच. डोळे उघडे असतात, हातही चालत असतात, पण गेजवरचा आकडा दोनदा वाचावा लागतो. अशा वेळी शेजारचा हमखास म्हणतो, "शुगर डाउन झाली असेल रे, चहात बुडवून दोन बिस्किटं खा, डोकं चालायला लागेल." परीक्षेला निघालेल्या मुलाच्या दप्तरात ग्लुकोजच्या पाण्याची बाटली सरकवणारी आईसुद्धा याच समजुतीवर चालत असते.

समजुतीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. आपला मेंदू ग्लुकोजवर चालतो. मग साखर जास्त खाल्ली तर डोकं जास्त चालतं का? आणि रात्री तीनला ते चालेनासं होतं, ते साखर संपली म्हणून का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे, पण ते पटायला मेंदूचा जमाखर्च नीट पाहावा लागतो. तो पाहायचं आणखी एक कारण आहे. कारखान्यांच्या या पट्ट्यात मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन पाळीवर येणारी माणसं आहेत. त्यांच्या मेंदूला साखर कधीकधी खरोखरच कमी पडते आणि शेजारी उभ्या असलेल्याला ते ओळखू येत नाही. मला हे प्रकरण मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शेजाऱ्यांसाठी लिहायचं आहे.

१. रोज किती लागतं?

ग्लुकोज ही अगदी साधी साखर आहे आणि जवळजवळ सगळ्या सजीवांना ती जाळता येते. पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन देणारी बुरशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवली जायची. तिलाही साखरच पुरवावी लागे. आपल्या शरीरातले स्नायू, हृदय, यकृत हे ग्लुकोज मिळालं तर ग्लुकोज जाळतात, नाही मिळालं तर चरबी जाळतात. मेंदूला ही मोकळीक नाही. रोजच्या जगण्यात तो जवळजवळ सर्वस्वी ग्लुकोजवर अवलंबून असतो.

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १.३ ते १.४ किलोचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दोन टक्के. पण आपण स्वस्थ पडून असतो तेव्हा शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातला वीस टक्के वाटा एकट्या मेंदूचा असतो. ग्लुकोजमध्ये मोजायचं तर दिवसाला अंदाजे ११० ग्रॅम. विजेच्या हिशेबात हे जेमतेम २० वॅट होतात.

हे ११० ग्रॅम ताटात कुठे असतात? भाकरी, भात, पोहे, बटाटा यांत स्टार्च असतं. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. पचनात ती तुटते आणि सगळं ग्लुकोज सुटं होतं. ज्वारीची मध्यम भाकरी साठेक ग्रॅम पिठाची धरली तर तिच्यात चाळीस ग्रॅमच्या आसपास स्टार्च असतं. म्हणजे तीन भाकऱ्यांत मेंदूचा दिवस भागतो. घरातल्या साखरेचं मात्र वेगळं आहे. तिच्या प्रत्येक रेणूत अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो. फ्रुक्टोज आधी बहुतांशी यकृतात जातं, त्याचं पुढे काय करायचं ते यकृत ठरवतं. तेव्हा वजनाला वजन लावलं तर मेंदूचं जळण साखरेपेक्षा भाकरीत जास्त आहे. गोडव्याचा आणि मेंदूच्या पोषणाचा संबंध लोक मानतात तितका घट्ट नाही.

लहान मुलांचा हिशेब याहून चकित करणारा आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाचं शरीर दिवसभरात जेवढी ऊर्जा वापरतं, तिच्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त मेंदूकडे जाते. त्या वयात अंगाची वाढ मंदावते आणि मेंदूतल्या जोडण्यांचं काम जोरात चालू असतं. अंगणवाडीतलं दुपारचं जेवण चुकतं तेव्हा कुणाच्या तोंडचा घास जातो, हे या आकड्यावरून समजावं.

२. साठा जवळजवळ नाही

चाकणच्या मोटारींच्या कारखान्यात गेलेल्याला एक गोष्ट लगेच दिसते. असेंब्ली लाइन अवाढव्य असते, पण तिच्याजवळ सुट्या भागांचा साठा फारसा नसतो. सीट, डॅशबोर्ड, वायरिंग हे भोसरी, तळवडे, कुरुळीच्या व्हेंडरकडून लागेल तसं येत राहतं. टेम्पो वेळेवर आला नाही की लाइन थांबते. मेंदू असाच चालतो. ग्लुकोजचा साठा शरीर ग्लायकोजेन नावाच्या रूपात करून ठेवतं. स्नायूंमध्ये चारशे ग्रॅमच्या आसपास आणि यकृतात भरपेट जेवणानंतर ऐंशी ते शंभर ग्रॅम ग्लायकोजेन असतं. मेंदूत मात्र ते इतकं थोडं असतं की पुरवठा तुटला तर काही मिनिटंच निभावावं. सगळी भिस्त रक्तावर.

आणि रक्तात तरी किती असतं? हा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. मोठ्या माणसात रक्त पाच लिटर, म्हणजे ५० डेसिलिटर. लॅबच्या रिपोर्टवर उपाशीपोटीची साखर ९० आली, म्हणजे दर डेसिलिटरला ९० मिलिग्रॅम. पन्नास गुणिले नव्वद, ४,५०० मिलिग्रॅम. साडेचार ग्रॅम! अख्ख्या अंगातल्या रक्तात जेमतेम एक चमचा ग्लुकोज.

आता खर्च बघा. दिवसाला ११० ग्रॅम म्हणजे तासाला साडेचार ग्रॅमच्या वर. रक्तात असलेलं सगळं ग्लुकोज एकट्या मेंदूने वापरलं तरी ते तासाभरात संपेल. प्रत्यक्षात तांबड्या पेशी आणि इतर अवयवही त्याच रक्तातून घेत असतात. तरीही रात्री नऊला जेवून सकाळी सहाला उठलेल्या माणसाची साखर नव्वदच्या आसपासच असते. नऊ तास तोंडात घास नाही आणि चमचाभर साखर संपत नाही, याचा अर्थ मागून कुणीतरी ती सतत ओतत असलं पाहिजे.

३. यकृत जागं असतं

ओतणारा अवयव म्हणजे यकृत. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं की यकृत स्वतः रक्तात साखर सोडतं. १८५७ साली त्यांनी यकृतातलं ग्लायकोजेन वेगळं काढलं. तोवर समजूत अशी होती की प्राण्याच्या अंगात साखर येते ती फक्त खाण्यातून.

जेवण झाल्यावर आतड्यातून ग्लुकोजचा लोंढा येतो तेव्हा स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं. त्याच्या सांगण्यावरून स्नायू आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज आत घेतात, यकृत साठा करतं. तीन-चार तासांनी लोंढा ओसरला की इन्शुलिन उतरतं, त्याच स्वादुपिंडातून ग्लुकागॉन नावाचं दुसरं संप्रेरक निघतं आणि यकृत साठा मोकळा करू लागतं. उपाशीपोटी यकृत तासाला आठ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज रक्तात सोडतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मेंदू घेतो.

स्नायूंतल्या चारशे ग्रॅमचं काय? ते मेंदूला थेट मिळत नाही. साठ्यातून सुटलेल्या ग्लुकोजला फॉस्फेटचा एक गट चिकटलेला असतो आणि तो काढल्याशिवाय ग्लुकोज पेशीबाहेर पडू शकत नाही. तो काढणारं विकर यकृतात आहे, स्नायूत नाही. त्यामुळे स्नायूचा साठा स्नायूतच जळतो. दिवसभर हमाली करणाऱ्याच्या दंडात भरपूर ग्लायकोजेन असूनही त्याला घेरी येऊ शकते, त्याचं एक कारण हे. स्नायू आडमार्गाने मात्र मदत करतात. मेहनतीत तयार झालेलं लॅक्टेट ते रक्तात सोडतात आणि यकृत त्यापासून नव्याने ग्लुकोज बनवतं. हे चक्र गर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्याने उलगडलं. त्यांना १९४७ साली नोबेल मिळालं.

लॅक्टेट, प्रथिनांतली अमिनो आम्लं, चरबीतलं ग्लिसरॉल अशा कच्च्या मालापासून नवं ग्लुकोज तयार करायचं हे काम यकृत रात्रीपासूनच चालू ठेवतं. चोवीस तास पोटात काही गेलं नाही की यकृतातला साठा बराचसा संपतो आणि या नव्या उत्पादनावरच भार येतो.

इथे चिंचवडचा विचार मनात येतोच. पवनेकाठी मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात संकष्टीला रांगा लागतात आणि त्यात उपास धरून पाळीवरून परस्पर आलेली माणसंही असतात. चंद्रोदयापर्यंतच्या उपासाने मेंदूवर ताण येतो का? निरोगी माणसाच्या बाबतीत नाही. दुपारी साबुदाण्याची खिचडी झाली असेल तर प्रश्नच उरत नाही, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च आणि तो बघता बघता ग्लुकोज होतो. मेंदूच्या लेखी तो उपास झालेलाच नसतो. पाण्याखेरीज काही न घेणाऱ्यांनाही यकृत त्या रात्रीपर्यंत सांभाळून नेतं. मधुमेहाचं औषध चालू असणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिच्याकडे शेवटी येऊ.

४. दारातून आत

रक्तातून मेंदूच्या पेशीत जायला ग्लुकोजला एक भिंत ओलांडावी लागते. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातले बहुतेक पदार्थ मधल्या फटींतून झिरपू शकत नाहीत. ग्लुकोजसाठी या भिंतीत खास वाहक प्रथिनं बसवलेली आहेत. ती ग्लुकोजचा रेणू एका बाजूला पकडतात आणि दुसऱ्या बाजूला सोडतात. चेतापेशींच्या पापुद्र्यावर आणखी चपळ अशी दुसरी वाहकं असतात. या दोन्ही वाहकांना इन्शुलिनच्या परवानगीची गरज नसते. स्नायूला लागते, मेंदूला नाही. इन्शुलिन उतरलेलं असताना, म्हणजे उपाशीपोटी, स्नायू रक्तातून ग्लुकोज घेणं जवळजवळ थांबवतात आणि मेंदूचा वाटा शाबूत राहतो. मला शरीरातली ही सगळ्यात सुज्ञ व्यवस्था वाटते.

भिंतीवरची वाहकं नसतील तर काय होतं, तेही माहीत आहे. १९९१ साली अशा मुलांचं वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. रक्तात साखर पुरेशी, पण मेंदूभोवतीच्या पाण्यात फारच कमी. तान्हेपणापासून फिट्स, वाढ मागे. त्यांच्या भिंतीतल्या वाहकात जन्मजात दोष होता.

आता सुरुवातीच्या पहिल्या प्रश्नाकडे. मेंदूकडे मिनिटाला पाऊण लिटर रक्त जातं. साखर ९० असताना त्यातून सुमारे ६७५ मिलिग्रॅम ग्लुकोज मेंदूच्या दारातून जातं. मेंदू त्यातलं घेतो किती? पंचाहत्तर मिलिग्रॅमच्या आसपास. दहातलं एक. बाकीचे नऊ भाग तसेच पुढे निघून जातात. दारात गरजेच्या कितीतरी पट माल उभा असताना साखर ९० ची १४० केली म्हणून मेंदूचं काम वाढत नाही. चाकणच्या लाइनबाहेर दोन टेम्पोंऐवजी पाच उभे केले म्हणून तासाला गाड्या जास्त निघत नाहीत, तसंच. ग्लुकोजच्या पाण्याने परीक्षार्थीची तहान भागते, आईची काळजी थोडी कमी होते. उत्तरं मात्र अभ्यासातूनच येतात.

५. एवढं जळण जातं कुठे?

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजचे टप्प्याटप्प्याने तुकडे होतात. शेवटच्या टप्प्यांत ऑक्सिजन लागतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतं. वाटेत सुटलेली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत बांधली जाते. ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे तीसेक रेणू तयार होतात आणि पेशी आपली सगळी कामं त्यांच्यावर भागवते. ऑक्सिजनचाही साठा नसतो, म्हणून मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण तुटला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते.

या तोडणीत एक टप्पा असा आहे की तिथे थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, लागतंच. वर्षानुवर्षं जेवणाऐवजी दारूवर राहिलेल्या माणसात थायमिन संपलेलं असतं. ग्लुकोज असूनही त्याचा मेंदू ते पुरतं जाळू शकत नाही, तोल जातो, डोळे स्थिर राहत नाहीत, स्मरण तुटतं. म्हणून असा रुग्ण आला की जाणकार डॉक्टर ग्लुकोजच्या सलाइनबरोबरच थायमिनचं इंजेक्शन द्यायला विसरत नाहीत.

एटीपीचा सगळ्यात मोठा खर्च एका कंटाळवाण्या कामावर होतो: सोडियम बाहेर काढणं आणि पोटॅशियम आत घेणं. चेतापेशीतून संदेश जातो तो सोडियम आत घुसल्यामुळे. पुढच्या संदेशासाठी तयार व्हायचं तर तो पुन्हा बाहेर काढावा लागतो. प्रत्येक वेळी तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, किंमत एक एटीपी. मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि हा उपसा झोपेतही थांबत नाही.

मग अवघड गणित सोडवताना खर्च किती वाढत असेल? सेमूर केटी आणि कार्ल श्मिट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात जिवंत, जाग्या माणसाच्या मेंदूचा ऑक्सिजनचा खप मोजण्याची पद्धत बसवली. पुढे १९५५ साली लुई सोकोलॉफ आणि केटी यांनी लोकांना तोंडी हिशेब करायला लावून तो खप मोजला. फरक पडलाच नाही. नंतरच्या बारीक उपकरणांनी दाखवलं की कामात गुंतलेल्या भागाचा खर्च थोडा वाढतो, पण अख्ख्या मेंदूचा हिशेब पाच टक्क्यांच्या आतच हलतो. काही विचार करत नाही असं आपल्याला वाटतं तेव्हाही मेंदूची लाइन जवळजवळ पूर्ण वेगाने चालू असते. दिवसभर ड्रॉइंगवर डोकं घालून बसलेल्या इंजिनीअरला घरी आल्यावर जी सपाटून भूक लागते, तिचा खुलासा मेंदूच्या वाढीव खपाने होत नाही.

याच सोकोलॉफ यांनी १९७७ साली मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज घेतो ते मोजण्याची युक्ती प्रसिद्ध केली. ग्लुकोजसारखाच दिसणारा एक रेणू घ्यायचा, त्याला किरणोत्सारी खूण लावायची. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, पण पुढे तोडू शकत नाही, म्हणून तो आत अडकून राहतो. फ्लोरिनची खूण लावलेला असा रेणू १९७६ सालीच अमेरिकेत पहिल्यांदा माणसाला दिला गेला होता आणि त्यातून आजचं पेट स्कॅन आलं. खुणेचा किरणोत्सार ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून औषध जवळपासच बनवावं लागतं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली त्यासाठी देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसलं. कॅन्सरसाठी पेट स्कॅन झालेल्या कुणाची फिल्म पाहायला मिळाली तर डोक्याकडे बघा. गाठ कुठेही असो, मेंदू प्रत्येक फिल्ममध्ये पेटलेला दिसतो. अल्झायमरच्या रुग्णात मात्र कानामागचे आणि माथ्याकडचे काही भाग मंद झालेले असतात.

६. उपास लांबला तर

एक कोडं राहिलं. यकृतातला साठा दिवसाभरात संपतो. चरबीतल्या स्निग्धाम्लांचा मेंदूला फारसा उपयोग नाही. मग दुष्काळात माणसं आठवडेच्या आठवडे शुद्धीवर कशी राहतात?

समजा, मेंदूचं रोजचं ११० ग्रॅम ग्लुकोज स्नायूंतल्या प्रथिनांपासूनच बनवायचं. एक ग्रॅम ग्लुकोजला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास प्रथिन खर्ची पडतं, म्हणजे दिवसाला दोनशे ग्रॅमच्या जवळ. स्नायूत प्रथिनांचा भाग पाचवा. म्हणजे रोज जवळपास किलोभर स्नायू झिजायला हवेत. असा माणूस दोन-तीन आठवड्यांत उठूनही बसू शकणार नाही. पण तसं होत नाही.

कोडं सुटलं १९६७ साली, बोस्टनमध्ये. जॉर्ज काहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन कमी करण्यासाठी पाच-सहा आठवडे वैद्यकीय देखरेखीत उपास करणाऱ्या तीन लठ्ठ रुग्णांच्या मेंदूत जाणाऱ्या आणि मेंदूतून येणाऱ्या रक्ताची तुलना केली. मेंदूच्या गरजेचा निम्म्याहून जास्त भाग कीटोन भागवत होते. यकृत चरबीपासून हे छोटे रेणू बनवतं आणि मेंदूच्या भिंतीत त्यांच्यासाठीही वाहकं आहेत. तोवर पाठ्यपुस्तकं मेंदूला फक्त ग्लुकोज चालतं असंच सांगत होती. वर वाहकात जन्मजात दोष असलेल्या ज्या मुलांचा उल्लेख आला, त्यांनाही याच ज्ञानाने हात दिला. भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिठूळ असा आहार दिला की त्यांच्या मेंदूला कीटोन मिळतात आणि फिट्स बऱ्याचदा आटोक्यात येतात.

मात्र ही व्यवस्था सावकाश जमते, तिला दिवस लागतात. साखर मिनिटांत कोसळली तर कीटोन धावून येत नाहीत.

७. रात्री तीन वाजता

आता थर्ड शिफ्ट. साडेअकराला कॅंटीनमध्ये जेवलेल्या निरोगी कामगाराची साखर पहाटे तीनला कमी नसते. उलट त्याच जेवणाने रात्री साखर दिवसापेक्षा जास्त चढते. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात सारखंच जेवण सकाळी आणि संध्याकाळी दिलं, तर संध्याकाळी रक्तातली साखर १७ टक्क्यांनी जास्त चढली. शरीराचं घड्याळ अंधारात इन्शुलिनचं काम मंद करतं.

मग डोकं जड होतं ते कशाने? एक कारण हेच घड्याळ. पहाटे अंगाचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि मेंदूला झोपेचा हुकूम मिळालेला असतो. दुसरं कारण जळणाशीच जोडलेलं आहे. एटीपी वापरलं जातं तसतसं त्यातून अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ मागे राहतो. जागरण वाढतं तसा तो मेंदूत साचतो आणि जागं ठेवणाऱ्या पेशींना आवरतो. चहातलं कॅफिन नेमकं अ‍ॅडिनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते. टपरीवरच्या कटिंगने जे साधतं ते चहाच्या पत्तीने, कपातल्या दोन चमचे साखरेने नाही. साचलेलं अ‍ॅडिनोसिन झोपेतच उतरतं.

२०२१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी काही लोकांना रात्रपाळीसारख्या दिनक्रमात ठेवलं. एका गटाला रात्रीही जेवण, दुसऱ्याला फक्त दिवसा. पहिल्या गटाची जेवणानंतरची साखर वाढली, दुसऱ्याची वाढली नाही. गट लहान होते, पण दिशा स्पष्ट आहे. आपल्याकडच्या कॅंटीनमध्ये रात्री दोनला वडे आणि गोड शिरा वाढण्याचा प्रघात बदलून डाळ, उसळ, अंडी, ताक याकडे वळवला तर कामगारांचं भलंच होईल, असं माझं ठाम मत आहे. पोटभर जेवण पाळीला निघण्याआधी घरीच व्हावं.

८. खरोखर कमी पडते तेव्हा

इन्शुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत शरीराची स्वतःची आवराआवर अपुरी पडू शकते. गोळी घेतली आणि बस चुकली. लाइन अडकली म्हणून कॅंटीनला जायला उशीर झाला. ओव्हरटाइम लागला. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रिकाम्या पोटी दारू घेतली. दारू यकृताचं नवं ग्लुकोज बनवणं अडवते, त्यामुळे तिचा फटका काही तासांनी, बरेचदा झोपेत बसतो. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी.

साखर ७० च्या खाली आली की अ‍ॅड्रिनलिन उसळतं: घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक. हा इशारा असतो. ५४ च्या खाली गेली की खुद्द मेंदूला कमी पडायला लागतं. माणूस चिडतो, अडखळत बोलतो, विचारलं एक तर सांगतो दुसरं, मशिनसमोर नुसता उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, पिऊन आलाय. त्याला गेटबाहेर काढलं जातं आणि तेच सगळ्यात घातक ठरतं. मधुमेह असलेला सहकारी अचानक विचित्र वागू लागला तर आधी साखर धरावी, दारू नंतर.

शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात कालवून लगेच द्यावी. हे साधारण पंधरा ग्रॅम होतं. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, कमीच असेल तर तेवढंच परत द्यावं. सावरल्यावर पोळी किंवा बिस्किटं. पेढा-बर्फी या वेळी कामाची नाही, तुपामुळे ती पोटातून हळू उतरते. 'शुगर फ्री' पेयाचा काहीच उपयोग नाही. व्होग्लिबोस किंवा अकार्बोस घेणाऱ्याला घरातली साखर चालत नाही, ग्लुकोजच लागतं, कारण साखरेचे दोन भाग तोडणारं विकर ती औषधं अडवतात. म्हणून शॉपफ्लोअरवरच्या प्रथमोपचार पेटीत ग्लुकोज पावडरचं पाकीट असलंच पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं की बहुतेक जण काही मिनिटांत डोळे उघडतात. जितका उशीर, तितका मेंदूला इजेचा धोका जास्त.

पाळी बदलणाऱ्यांनी जेवणाशी जोडलेल्या औषधाची वेळ घड्याळाला बांधू नये, जेवणाला बांधावी. ती कशी बांधायची, ते डॉक्टरांना आपल्या तिन्ही पाळ्यांचं वेळापत्रक दाखवून ठरवून घ्यावं. दर आठवड्याला शिफ्ट फिरते हे आपण सांगितलं नाही तर डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. साखर वारंवार खाली जात राहिली तर घाम-थरथरीचा तो इशाराच बोथट होतो आणि माणूस काही न जाणवता थेट गोंधळात जातो. औषध आणि जेवणाचा मेळ बसवून काही आठवडे साखर एकदाही खाली जाऊ दिली नाही, तर बऱ्याच जणांत हा इशारा पुन्हा येऊ लागतो.